दहा लाख नऊ

सर,

दहा लाख नऊ ही मूळ संख्या नाही. दोनशे त्र्याण्णवने तिला पूर्ण भाग जातो. माझ्या वर्गातली मुलं हल्ली मोबाईलवर हे क्षणात काढतात. मोबाईलही नको, हजार आणि तीन यांच्या वर्गांची बेरीज तीच, नऊशे बाहत्तर आणि दोनशे पस्तीस यांच्या वर्गांची बेरीजही तीच. दोन वर्गांची बेरीज अशी दोन तऱ्हांनी मांडता आली की संख्या संयुक्त असणारच. तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. दरवर्षी नववीच्या पहिल्या तासाला तुम्ही ती फळ्यावर लिहायचात आणि दोन दिवाळीच्या सुट्ट्या घालवून, हजारच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहिल्याचं सांगायचात. तुमच्याकडे मिरवायला दुसरं होतं तरी काय?

माझ्या बाकावरच्या मुलीने ते तपासलं. तिच्या घरी तेलुगू बोलायचे, आई बिड्या वळायची. बंडलांवर चिकटवायच्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर तिने एकामागून एक बासष्ट भागाकार केले आणि भर वर्गात उभी राहिली. "सर, दोनशे त्र्याण्णवनं भाग जातोय की." तुम्ही ती लेबलं हातात घेतलीत, वाचली नाहीत, त्याच लेबलांनी फळा पुसलात. बिड्या वळणाऱ्या बोटांनी गणितात लुडबूड करू नये, म्हणालात. सगळे हसले, मी जरा जास्तच हसले, कारण आदल्याच चाचणीत ती पहिल्यांदा माझ्या पुढे गेली होती. मग तुम्ही मला, तुमच्या लाडक्या विद्यार्थिनीला, भागाकार करायला बोलावलंत.

मी फळ्यापाशी उभी आहे. पहिल्या पायरीला आठशे एकोणऐंशी वजा झाले आहेत. तिसऱ्या पायरीला तीनशे ऐंशीतून दोनशे त्र्याण्णव गेले, उरले सत्त्याऐंशी. नऊ खाली घेतला की पुन्हा आठशे एकोणऐंशी होणार, बाकी शून्य उरणार, हे मला दिसतंय. मी शहाऐंशी लिहिते. शेवटी बाकी उरते दोनशे त्र्याऐंशी. तुम्ही पायऱ्या बघतच नाही, बाकीखाली दोन रेघा मारता. तिला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलंत, आईला बोलावून मुलगी उर्मट असल्याचं सांगितलंत. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही, आईशेजारी बिड्या वळायला बसली. मला तुम्ही शाईचं पेन दिलंत. ते मी बरीच वर्षं वापरलं.

गेल्या महिन्यात सात रस्ता चौकात ती भेटली. तिनेच मला ओळखलं. बोटं तंबाखूने पिवळी पडलेली. मुलाबाळांची चौकशी झाली, आणि मग अगदी सहज तिने विचारलं, "तवा फळ्यावर शहाऐंशी का लिवलीस गं?"

म्हणजे इतकी वर्षं तिला माहीत होतं. मी म्हणाले, "सरांनीच सांगितलं होतं तसं लिहायला."

"मला वाटलंच," ती म्हणाली. माझ्या हातावर हात ठेवला आणि रिक्षात बसली.

तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं, सर. तुम्ही दुष्ट होतात, आळशी होतात, पण त्या संख्येवर तुमचा खरंच विश्वास होता. तिचं घर मला माहीत आहे, चालत दहा मिनिटांवर. हा कागद घेऊन मी तिकडे जाणार नाही.