फुकटचा अँटीव्हायरस

धार,
२२ नोव्हेंबर २००७

प्रिय नीरू,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू "आई, कॉम्प्युटर ठीक झाला का?" एवढंच विचारतेस, आणि मी तोंड उघडेपर्यंत सृष्टी तुझ्या हातातून फोन ओढते. म्हणून सगळं एकदाच लिहिते आहे. मराठी वाचायचा तुला कंटाळा, हे मला ठाऊक आहे. हिंदी शाळेत घातल्याचं फळ, दुसरं काय! तरी नेटानं शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात सोडून मयुरेशरावांना "यात काय लिहिलंय ते सांगा" म्हणू नकोस.

गणपतीच्या दिवसांत सृष्टीच्या वाढदिवसाचे फोटो छापायला मी पेन ड्राइव्ह बाजारात दिला होता. तो परत आणून कॉम्प्युटरला लावला आणि घरात पीडा शिरली. आधी प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं दुसरं फोल्डर निघायला लागलं. मग सृष्टीचे सगळे फोटोच दिसेनासे झाले. मशीन आपोआप बंद व्हायचं, आपोआप सुरू व्हायचं. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "अगं, एखादा फ्री अँटीव्हायरस टाक ना, नेटवर ढीगभर मिळतात." ढीगभर मिळतात हेच तर दुखणं! कोणता घ्यायचा हे कोण सांगणार? मी शोधत होते तेवढ्यात पडद्यावर लालभडक पाटी आली, की तुमचं मशीन आजारी आहे, इथे दाबा, इलाज मोफत. मी दाबलं. तो इलाज घरात आला आणि दुसऱ्या दिवसापासून बँकेच्या कार्डाचा नंबर मागायला लागला. पहारेकरी म्हणून ठेवला तोच चोर निघाला. त्याच्यावर उतारा म्हणून मी आणखी एक टाकला, तर ते दोघे एकमेकांनाच चोर म्हणू लागले. मी कुकर लावून, शिट्ट्या होऊन परत यायची, तरी पडद्यावरचं घड्याळ गरगरतच असायचं. वर तुझं फोनवरून "राइट क्लिक कर, लिस्ट आली का? नाही आली? अगं आई!" लुना शिकवताना तुझे बाबाही अगदी याच सुरात ओरडायचे.

शेवटी रिक्षात घालून कॉम्प्युटरचा डबा दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या पोरानं झाकण उघडायच्या आधीच निदान केलं, "आंटीजी, फॉर्मेट मार दो, टेन्शन खतम." फोटोंचं काय, विचारलं तर म्हणे, "फोटो तो गए समझो." मी डबा उचलून तशीच घरी आले. वरच्या मजल्यावरून उतरून दारात तुझे भैयासाहेबकाका उभेच होते. म्हणाले, "इरावती, विकून टाक हे धूड. तुला बंगलोरला नीरजाकडेच जाऊन राहायचंय, मग दुरुस्तीचा उपद्व्याप कशाला?" माझं डोकंच फिरलं. मी जाणार हे त्यांनी ठरवलं, तू ठरवलंस, जावईबापूंनी खोली रंगवूनसुद्धा घेतली. मला विचारायचं तेवढं राहिलं!

नवरात्रात तुझी जयवंतीमावशी देवासहून आली होती. तिच्यापाशी मी कुरकुर केली तर म्हणाली, "आमचे योगेंद्रभाऊजी आहेत ना, त्यांना पाठवते." जयवंतीचे धाकटे दीर तुला आठवत असतील. तिच्या प्रणवच्या लग्नात माइक बंद पडला तेव्हा जेवण सोडून टेबलाखाली शिरले होते, तेच. देवासच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त आहेत. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही.

तर हे गृहस्थ पुढच्या रविवारी देवासहून इंदूर, इंदूरहून धार अशा दोन बसगाड्या करून आले, आणि मशीनला हातच लावीनात. बिनसाखरेचा चहा घेऊन विचारत बसले, "आधी काय बिघडलं? मग तुम्ही काय केलंत? त्यानंतर?" मी म्हटलं, "दुरुस्ती करायचीय की माझी उलटतपासणी घ्यायचीय?" तर म्हणाले, "इरावतीबाई, तुम्ही काय काय करून बसलात ते कळलं नाही तर मी त्यात भरच घालीन." करून बसलात म्हणे! नंतर त्यांनी नेटची वायर काढली, मशीन कसल्याशा सेफ मोडमध्ये सुरू केलं आणि त्या भांडखोर दोघांनाही हाकलून दिलं. तो लालभडक चोर तर दुपार उलटून गेली तरी जाईना.

पण खरा वैताग पुढेच. फुकटचे तीन अँटीव्हायरस त्यांनी निवडीला काढले आणि प्रत्येकाच्या अटी पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचल्या. रोज ताजा होतो का? जुन्या मशीनवर जड पडेल का? पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर तपासतो का? महिनाभरानं पैसे तर मागणार नाही ना? मी वैतागून म्हटलं, "बटाटेसुद्धा असेच घेता का?" तर शांतपणे म्हणाले, "हो, असेच घेतो." अखेर एक पसंत पडला, तर आमचं नेट असलं मुलखाचं आळशी, की उतरवता उतरवता शेवटी तुटायचं. मग त्यांनी तो देवासला उतरवून सीडीवर आणला, म्हणजे आणखी एक रविवार गेला.

त्या दिवशी तपासणी सुरू झाली ती संपेचना. माणूस जेवायच्या वेळी घरात, मग वाढणं आलंच. पहिल्याच घासाला म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे." माझ्या तोंडावर! नीरू, मला राग आला खरा, पण मग मीच चाखून पाहिली, तर खरंच कमी होतं. तुझे बाबा गेल्यापासून मी जे करीन ते सगळे छान छान म्हणून खातात. बिचारी एकटी, तिला काय बोलायचं! माझ्याशी कुणी भांडतच नाही गं आताशा.

फोटो मिळाले. व्हायरसनं ते पुसले नव्हते, नुसते लपवले होते. नाकाला केक लावलेली सृष्टी पडद्यावर आली आणि मला रडूच फुटलं. हे गृहस्थ वर बघून म्हणतात, "तुमच्या पंख्याचा कंडेन्सर गेलाय." त्या क्षणी त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं. पण पुढच्या रविवारी ते पंख्यासाठी आले, आणि मी आमटी नीट चाखून वाढली.

दिवाळीपर्यंत मशीन ठीक, पंखा ठीक. भाऊबीजेच्या दिवशी रविवार होता. येणार म्हणून त्यांनी काही कळवलं नव्हतं, तरी मी सकाळपासून दोघांचा स्वयंपाक करत होते आणि स्वतःवरच चिडत होते. दुपारी ते दारात उभे राहिले. हातात हत्यारांची पिशवी नव्हती. म्हणाले, "आज काही बिघडलेलं नाही. तरी आलो. चालेल का?" मी म्हटलं, "आलाच आहात तर हात धुऊन या, पानं घेते." जेवण झाल्यावर पाटावरून न उठता त्यांनी एका दमात विचारलं आणि लगेच म्हणाले, "घाई नाही. मलाही प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, तुम्ही पाहिलंच आहे."

मी आठवडाभर विचार केला, आणि मग मीच बस पकडून देवासला गेले आणि जयवंतीसमोर हो म्हणाले. नीरू, मी योगेंद्ररावांशी लग्न करते आहे. हे फोनवर सृष्टीच्या गडबडीत सांगायचं नव्हतं. देवासला अर्ज दिला आहे, महिन्याची मुदत संपली की कोर्टात लग्न. भैयासाहेबांना सांगितलं तर "या वयात?" म्हणून जिना चढून गेले, तेव्हापासून बोलत नाहीत. बंगलोरला मी येईन, पण पाहुणी म्हणून. त्या रंगवलेल्या खोलीत चार दिवस राहीन. तुझ्या बाबांची तसबीर मी देवासला नेणार आहे. तिच्यासाठी योगेंद्ररावांनी पुढच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल असा खिळा ठोकून ठेवलाय. मी तुझी परवानगी मागत नाही. पण साक्षीदार तीन लागतात. एक जयवंती, दुसरा प्रणव, आणि तिसरं नाव मी कुणालाही देऊ दिलेलं नाही. रागावायचं असेल तर खुशाल रागाव, कडाडून भांड माझ्याशी, पण ये. माझ्या बाजूनं सही तू करावीस अशी माझी फार इच्छा आहे.

तुझीच,
आई