माझ्या कपाळाला त्यांचा हात नको

मी, मंदाकिनी धनराज थेटे, वय चौसष्ट, राहणार गंगापूर रोड, नाशिक, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कर्करोगाने शरीर पोखरले असले तरी डोके शाबूत आहे. रागही शाबूत आहे. तो औषधांचा परिणाम होता असे उद्या कोणी कोर्टात सांगू नये.

१. धरणाकाठचे फार्महाऊस माझ्या नावावर आहे. बाईच्या नावाने खरेदी केली की मुद्रांक शुल्क कमी लागते, म्हणून माझे पती धनराज यांनी ते माझ्या नावाने घेतले. ते मी माझी सून तेजस्विनी हिला पूर्ण मालकीने देते. त्यावर माझा मुलगा रोहित याचे नाव कधीही लागू नये.

२. कारणही लिहिते. वास्तुशांत झाल्याशिवाय नव्या घरात राहायचे नाही, असे आमच्यात पाळतात. त्या दिवशी मला शालू नेसवून यांच्या शेजारी बसवले, उपरण्याशी गाठ मारली. गुरुजींनी काडेपेटी मागितली. ती कुठे असेल, मला ठाऊक नव्हते. यांचे भागीदार शेखर यांची बायको निकिता उठली आणि स्वयंपाकघरातला एकच खण उघडून काडेपेटी घेऊन आली. शोधावी लागली नाही तिला. मी यांच्याकडे पाहिले, तर हे मान खाली घालून मोठ्याने मंत्र म्हणू लागले. गाठ सोडेपर्यंत मी तशीच बसून राहिले, याची मला आजही चीड येते. धनराज यांना या घरासाठी भांडायचे असेल तर खुशाल भांडावे. काडेपेटीची गोष्ट मग चारचौघांत निघेल.

३. शेखरला मी विचारले. तो म्हणाला, "वहिनी, धंद्यात घर आणायचं नाही." त्याला सगळे माहीत होते. द्राक्षांची एक्स्पोर्ट टिकावी म्हणून त्याने डोळ्यांवर कातडे ओढले. त्याने रामकुंडावर माझ्या दहाव्यालाही येऊ नये.

४. रोहितला सांगितले, तर म्हणाला, "मम्मी, तुला कमी काय आहे?" हेच वाक्य तो आता तेजस्विनीला ऐकवतो. बाप तसा बेटा. त्याला माझी द्राक्षाचे घड विरळायची कात्री द्यावी. तिने माझ्या बोटांना घट्टे पडले, तेव्हा कुठे आम्ही बंगल्यात आलो. त्याने ती कधी हातात धरलेली नाही.

तेजस्विनी, घर दिले ते तू गप्प बसावेस म्हणून नाही. कुलूप बदल आणि राहा, नाहीतर विकून मोकळी हो.

५. मी यांच्या आधी जाणार. बायका म्हणतील, अहेव गेली, नशीबवान. मग हिरवी साडी, ओटी आणि नवऱ्याच्या हातचे कुंकू. यातले काहीही करू नये. धनराज यांनी कितीही रडून दाखवले तरी त्यांचा हात माझ्या कपाळाला लागता कामा नये. कुंकू तेजस्विनीने लावावे. तिला नको वाटले तर कपाळ कोरे जाऊ द्यावे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो माझ्या मनासारखा आहे. वकिलांच्या टायपिस्टने सवयीप्रमाणे माझ्या नावाआधी 'सौ.' छापले होते. ते मी खोडले आहे. खाडाखोड माझीच आहे, म्हणून शेजारी आद्याक्षरे लिहिली आहेत.

साक्षीदार:
१) कौसर हनीफ पठाण, देवळाली कॅम्प
२) गोरक्ष निवृत्ती तिडके, नाशिक रोड

नाशिक, ९ सप्टेंबर २०२५

(सही)
मंदाकिनी थेटे