धरणाकडच्या जमिनीतला माझा हिस्सा

मी, शीला हौशीराम भोर, वय ७१, धंदा – अर्थशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, मूळ गाव येडगाव, सध्या राहणार जुन्नर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकू पाहणारे बरेचसे वारले किंवा दमले. लग्न केले नाही, मूलबाळ नाही. त्यामुळे "हिचं सगळं कुणाला जाणार" हा गावाचा जुना प्रश्न येथे निकाली निघत आहे.

१. जुन्नरचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील शिल्लक माझी भाची अश्विनी हिला मिळावी. ती माझा थोरला भाऊ दादाभाऊ याची एकुलती एक मुलगी असून अवसरी खुर्दच्या कॉलेजात शिकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. घर विकले तरी माझी हरकत नाही, मी बघायला येणार नाही.

२. पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. मी स्वतः लिहिलेली मात्र त्यांनी मागितली तरच. बायकांच्या कामावरचे माझे पहिले पुस्तक आले तेव्हा आमचे विभागप्रमुख म्हणाले होते, हे अर्थशास्त्र नव्हे, ओट्यावरच्या गप्पा. पुढे त्याच गप्पांवर ते परदेशात व्याख्यान देऊन आले. ते हयात असल्यास त्यांना शोकसभेला बोलवावे, पहिल्या रांगेत बसवावे, चहा द्यावा, पण बोलू देऊ नये.

३. काळी घोंगडी आंबेगावच्या डोंगरातल्या अंबाबाई नावाच्या शेतकरणीकडे परत पोचवावी. अभ्यासाच्या काळात मी पावसाळाभर तिच्याकडे राहत असे. भातलावणीच्या चिखलात पोटरीभर उभ्या असलेल्या बाया, "काम करता का?" असे विचारले की सांगत, "न्हाई, घरीच असते." माझी सगळी नोकरी या एका उत्तराचा माग काढण्यात गेली. उत्तर अजून तेच आहे. घोंगडी मात्र उबदार आहे.

४. आता येडगावच्या जमिनीबद्दल. धरणाच्या पाण्याला लागून असलेली ही वडिलोपार्जित जमीन माझ्या व दादाभाऊच्या नावावर सामाईक आहे. वडील गेले त्या वर्षी मी भाऊबीजेला येडगावला गेले. आमच्याकडची रीत अशी, की आदल्या दिवशी ओवाळणीत साडी आणि दुसऱ्या दिवशी जीपमधून जुन्नरला नेऊन हक्कसोडपत्रावर बहिणीची सही. सही केली तर माहेर राहते. मी केली नाही. निबंधकाच्या कचेरीबाहेर दादाभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, पुस्तके लिहून लिहून ही भावाच्या मुळावर उठली. त्यानंतर मला भाऊबीजेचे बोलावणे आले नाही.

गाव समजते, मी हावरट निघाले. माझे सहकारी समजतात, मी तत्त्वासाठी लढले. माझ्या सत्कारात तसे भाषणही झाले. दोन्ही खोटे आहे. मी सही करणार होते. मला जमीन घेऊन काय करायचे होते? पण त्या सकाळी गोठ्यात वैरण टाकता टाकता वहिनी, म्हणजे दादाभाऊची बायको बयाबाई, हळूच म्हणाली, "ताई, सही करू नका. तुमचं नाव हाय तवर त्यास्नी समदी जमीन इकता येनार न्हाई."

पाण्याकाठी बंगले बांधणारे एक गिऱ्हाईक दादाभाऊने ठरवले होते. एकट्याचा हिस्सा त्याला नको होता. ते निघून गेले, जमीन राहिली. मी वहिनीचे नाव कोठे घेतले नाही, घेतले असते तर तिला त्या घरात राहणे जड गेले असते. मला वाईट वाटले नाही असे नाही. दर दिवाळीला फार वाईट वाटायचे. याला शास्त्रीय शब्द मला सापडला नाही.

सबब, सदर जमिनीतील माझा संपूर्ण हिस्सा सौ. बयाबाई दादाभाऊ भोर, वय ६९, धंदा – शेती, हिला मिळावा. टंकलेखकाने तिच्यापुढे "धंदा – घरकाम" असे टाकले होते. विचारले तर म्हणाला, "बाईमानसाला तसंच टाकतो म्याडम." लग्न होऊन आल्यापासून त्या रानातला कांदा आणि टोमॅटो तिच्या हातचा आहे. तेथे "शेती" असे करून घेतले आहे. तिने हा हिस्सा हयातीत कोणालाही बक्षीस देऊ नये, कोणाच्याही साडीवर सोडू नये. ही हकीकत लिहू का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, आता लिवा, आता भिऊन काय करायचं.

पुरवणी: आज सह्यांच्या वेळी ठरलेला एक साक्षीदार आला नाही. बयाबाई आली ती दादाभाऊला बरोबर घेऊन. मी बोलावले नव्हते. गुडघ्यांमुळे त्याला जिना चढायला वेळ लागला. अश्विनीने कलम चार त्याला मोठ्याने वाचून दाखवले. तो बायकोला म्हणाला, "मला येकदा सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर इकली नसती व्हय?" बयाबाई म्हणाली.

साक्षीदार कोण कमी आहे, एवढेच त्याने विचारले आणि पेन मागितले. टंकलेखकाने रिवाजाप्रमाणे त्याचे वय आणि धंदा विचारला. वय त्याने सांगितले. धंद्याचे म्हणाला, "शेती ती करती. माझं ऱ्हाऊ द्या."

ती जागा मी भरू दिलेली नाही.

लिहून ठेवणार: शीला हौशीराम भोर (सही)

साक्षीदार:
१. हर्षाली ढोले, वय ३८, धंदा – वकिली, राहणार जुन्नर (सही)
२. दादाभाऊ हौशीराम भोर, वय ७४, धंदा – , राहणार येडगाव (सही)

स्थळ: जुन्नर
दिनांक: २४ ऑक्टोबर २०२५, भाऊबीजेचा दुसरा दिवस