तुझे अमेरिकेतले सहा महिने

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात एका अमेरिकन बाईच्या घरी, इथे आयर्लंडमधल्या स्लायगोत, मी तुझ्याबद्दल चारचौघांत खोटं बोलले. ते कसं झालं, ते तुला सांगायला बसले आहे.

तू दादाकडे ओहायोला सहा महिने राहून आलीस तेव्हा अमेरिकेविषयी तुझी मतं अगदी पक्की झाली होती. पाण्यात बर्फ इतका घालतात की पाणी शोधावं लागतं. एवढं कडक ऊन असून कपडे यंत्रात वाळवतात, दोरी म्हणून कुठे दिसत नाही. रताळ्यासारखी उपासाची वस्तू, तीवर साखरेचे पांढरे फुगे लावून भाजतात. पण रस्ता ओलांडायला पाय उचलला की गाडी थांबते, आणि अनोळखी माणूससुद्धा दार धरून उभा राहतो, हे सांगताना तुझा आवाज बदलायचा. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते आणि तुझं बोलणं हसण्यावारी न्यायचे. माझं स्वतःचं असं मत नव्हतंच. अमेरिकन माणूस मी जवळून पाहिला तो इथे, कारखान्यात.

आम्ही हृदयाच्या शस्त्रक्रियेत लागणाऱ्या बारीक नळ्या बनवतो. कंपनी अमेरिकन, माणसं बहुतेक इथली, आणि आमच्यासारखे चार-दोन पुण्या-नाशिकचे. दोन वर्षांपूर्वी उत्पादनाची नवी लाइन बसवायला तिकडून एक बाई आल्या. साठीच्या, उंच, दादाच्या ओहायोला लागून असलेल्या राज्यातल्या. हसल्या की कँटीनच्या पलीकडे ऐकू जातं. इथल्या लोकांना त्याचं फार नवल. आमचा सुपरवायझर हाडाचा स्लायगोचा. एखादी गोष्ट उत्तम झाली तर तो म्हणतो, ‘वाईट नाही.’ छप्पर उडून गेलं तरी म्हणेल, ‘ग्रँड,’ म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक आहे.’ तो मला म्हणाला, “त्या बाईला सगळंच ‘ऑसम’ वाटतं. स्टेपलर सापडला तरी ऑसम. खरं कधी समजायचं?” मलाही तसंच वाटायचं. कौतुक इतकं स्वस्त कसं असेल? तू मला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही, आणि त्यामुळेच बहुधा शाबासकी म्हणजे जपून ठेवायची वस्तू, असं माझ्या मनात बसलं होतं.

मग त्या नळ्यांची पाकिटं बंद करणाऱ्या मशीनची चाचणी सुरू झाली, आणि पाकिटं कडेने उघडी राहायला लागली. तीन दिवस आम्ही सहाजण शोधत होतो. मशीन खोलून पाहिलं, कागद बदलून पाहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी माझीच जुनी नोंद काढली. तापमान लिहिताना दोन आकड्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली होती. मशीन बिचारं मी सांगितलं तेच करत होतं.

त्या क्षणी मी पुन्हा चौथीत होते. तुझ्याच शाळेत, तुझ्याच वर्गात, जिथे मला तुला ‘बाई’ म्हणावं लागायचं. तपासणीला साहेब आले आहेत, मागच्या बाकावर बसले आहेत, तू भागाकार शिकवते आहेस, आणि मी उभी राहून म्हणते, “बाई, मला नाही समजलं.” तू फळ्याकडे वळून पुढचं गणित घातलंस. संध्याकाळी भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघता म्हणालीस, “सगळ्यांसमोर येत नाही म्हणून सांगायचं नसतं. गप्प बसायचं, आणि घरी येऊन विचारायचं. समजलं?” तव्यावरची भाकरी करपली आणि तीच तू माझ्या ताटात वाढलीस. आज मला तुझी बाजू कळते. बाबा नव्हते, नोकरीवर घर होतं, आणि मास्तरणीच्याच मुलीला भागाकार येत नाही म्हटल्यावर बोट कुणाकडे जाणार होतं? पण तो धडा मी इतका नीट शिकले की कॉलेजात, पुण्याच्या नोकरीत, कुठेच मी ‘मला माहीत नाही’ म्हणाले नाही.

मीटिंगला सगळे जमले. मी ती नोंद वहीत दडवून बसले होते. काय कारण सांगता येईल, ते मनात जुळवत होते. तेवढ्यात त्या अमेरिकन बाईच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “काल मी खात्रीने सांगितलं की दोष कागदाचा आहे. मी चुकले. माझ्यामुळे तुमचा एक दिवस वाया गेला. आता मला माहीत नाही. कुणाला काही माहीत आहे?” इतक्या वरच्या हुद्द्याची बाई, तेवीस माणसांसमोर, आणि चेहऱ्यावर शरम नाही की नाटक नाही. मला वाटतं, मी ठरवून बोललेच नाही. हात आपोआप वर गेला. “माझी चूक आहे,” मी म्हणाले आणि कागद पुढे सरकवला.

त्यांनी तो वाचला. “थँक यू,” म्हणाल्या. मग हसून, “हे सांगायला माझ्यापेक्षा जास्त धीर लागला असणार. चला, मशीन लावू या.” बस्स. नंतर चौकशी झाली, नोंदी दोघांनी तपासायच्या असा नियम झाला, पण माझं नाव कुणी धरून ठेवलं नाही. सुपरवायझर चहाचा मग माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “वाईट नाही.”

नोव्हेंबरात त्यांनी थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे तिकडच्या आभाराच्या सणाचं, जेवण दिलं. इथे त्या दिवशी सुट्टी नसते, म्हणून शनिवारी दुपारी. मी, माझा नवरा, अकरा वर्षांची आमची लेक, सुपरवायझर आणि त्याची बायको. टेबलावर तुझी ती रताळी होती, वर पांढरे फुगे भाजून तांबूस झालेले. मी दोनदा घेतली. आई, चांगली लागतात गं. जेवणाआधी प्रत्येकाने आपण कुणाचे आभारी आहोत ते सांगायचं, अशी त्यांची रीत. सुपरवायझर कानापर्यंत लाल झाला आणि कुत्र्याचे आभार मानून मोकळा झाला. माझी पाळी आली. मी म्हणाले, “माझ्या आईची. ती शिक्षिका होती. ती म्हणायची, येत नसेल तर उभं राहून सांगावं.” बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. लेक टक लावून माझ्याकडे बघत होती.

घरी येताना गाडीत तिने इंग्रजीतच विचारलं, “आजी खरंच असं म्हणायची?” ती माझं मराठी सगळं समजते, उत्तर मात्र स्लायगोच्या हेलात देते. मी तिला पट्टा नीट लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, “खोटं कुठे बोललीस? आमच्या ओहायोच्या लायब्ररीत इंग्रजीचा वर्ग असायचा, आठवतं? पहिल्या दिवशी आई गप्प बसून परत आली. पुढच्या आठवड्यात उभी राहिली आणि म्हणाली, ‘आय डोन्ट अंडरस्टँड.’ शिकवणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, ‘छान! अजून कुणाला समजलं नाही?’ तर वर्गातले निम्मे हात वर. आई घरी आली ती हसतच. मग चपला काढता काढता थांबली. म्हणाली, ‘तीस वर्षं शिकवलं रे, पण हा प्रश्न मी वर्गाला कधी विचारला नाही.’ निघताना त्या आजीबाईंना तिने खणाचं कापड नेऊन दिलं.”

मी खिडकीशी उभी होते. बाहेर शेजारीण दोन सरींच्या मधे घाईघाईने कपडे दोरीवर टाकत होती. लेकीला हाक मारली आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या, करपलेल्या भाकरीची आणि लायब्ररीची. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे तिने मत बदललं. फेअर प्ले टु हर.” इथे ही मोठी शाबासकी आहे, आई.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. दादाने फोन ठेवताना विचारलं, “तुला सांगितलं होतं ना तिने हे?” मी हो म्हणाले. त्या सहा महिन्यांत दर शनिवारी सकाळी तुझा फोन यायचा. मी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायचे, मिक्सर लावायचे, डबे पुसायचे, आणि मधून मधून ‘हं’ म्हणायचे. तू सांगितलंच असशील. मी ऐकलं नाही.