बोकडाला दिलेली होडी

तीर्थरूप आस्लाकदादा,

तुला वाकून नमस्कार. (यावरून अबोला सुटला असं समजू नकोस. नमस्काराशिवाय पत्र सुरू करायला आईने आपल्याला शिकवलं नाही, एवढंच.) गुडघा कसा आहे? थंडीत ठणकतो का? बाकी तब्येत बरी असावी, कारण खाडीपलीकडचा तुझ्या घरातला दिवा आमच्या स्वयंपाकघरातून रोज वेळेवर लागलेला दिसतो. मी मुद्दाम बघत नाही. भांडी घासायची जागाच त्या खिडकीपाशी आहे, त्याला मी काय करू?

आता मुद्द्याचं. मी तुला माफ केलं आहे. म्हणजे केलं होतं. म्हणजे ज्याला केलं तो तू नव्हतास. हे माझं मलाच अजून धड उमगलेलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

यंदा आमची मुलगी सुट्टीला स्पेनला गेली आणि घरात आम्ही नवरा-बायको दोघंच उरलो. गुनवोरने दवाखान्यात बसल्या बसल्या एका मासिकात ‘नाताळची सुट्टी घरच्या घरी मजेत कशी घालवाल’ असा लेख वाचला आणि ते पानच फाडून आणलं. (हीच बाई मला चर्चमध्ये खोकू देत नाही.) लेखाप्रमाणे आधी चित्रकोडं लावायला घेतलं. चित्र होतं बर्फातल्या मेंढ्यांचं. मेंढ्या पांढऱ्या, बर्फ पांढरा, वरचं आभाळही पांढरं. डोळे फुटेस्तोवर बसलो तेव्हा कुठे एक मेंढी उभी राहिली, आणि तिला पाच पाय होते. गुनवोर म्हणाली, पाचवा दुसरीचा असेल. मी विचारलं, मग दुसरी कुठाय? त्यावरून मजा इतकी वाढली की जेवायला आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसलो.

मग लेखात पुढे होतं आल्याच्या बिस्किटांचं घर. ते मी एकट्याने करायचं ठरवलं. भिंती कलल्या, धुराडं बसेना, दार एवढं मोठं झालं की त्यातून बैल जाईल. गुनवोर बघायला आली आणि म्हणाली, “अगं बाई! अहो, ही तर मामंजींची होडीची शेड!” आणि खरंच, हुबेहूब तीच. त्या शेडमध्ये बाबांची होडी, आणि त्या होडीपायी तुझं-माझं बोलणं बंद. (आधी कोण गप्प बसलं? मी म्हणतो तू. गुनवोर म्हणते दोघंही. पण दोघं एकदमच गप्प बसले तर ते एकमेकांना कळलं कसं, हे कोडं मला त्या मेंढ्यांपेक्षा अवघड वाटतं.)

दुसऱ्या दिवशी दुपारीच अंधारून आल्यावर दारावर थाप पडली. उघडतो तर बोकड! चांगली शिंगं, गवताची दाढी, सगळं जसंच्या तसं. आपल्या लहानपणी दर नाताळात गावातलेच लोक असं बोकडाचं सोंग घेऊन दारोदार यायचे. हल्ली कोण येतं? गुनवोर हरखली. नियम तुला ठाऊकच आहेत: ओळख पटेपर्यंत बोकडाने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. गुनवोरने पोस्टमन म्हणून पाहिलं, शाळेतल्या बाई म्हणून पाहिलं, पाद्रीसाहेब म्हणूनही पाहिलं. बोकड नुसती मान हलवायचा. एवढ्यात माझं लक्ष त्याच्या अंगातल्या कोटाकडे गेलं. मेंढीच्या कातड्याचा, पाठीवर आईने लावलेलं ठिगळ. बाबांचा कोट! आणि चालताना डावा पाय किंचित ओढलेला. दादा, तुझ्या गुडघ्यासारखाच! तूच आलास, माझी खात्री झाली.

गुनवोर तळघरात बाटली आणायला गेली तशी मी संधी साधली. “ओळखलं तुला,” मी म्हटलं. “मुखवटा राहू दे, तुझा ताठा मला माहीत आहे. आलास, यात सगळं आलं. होडी गेली खड्ड्यात! मी तुला माफ केलं, जा. घेऊन टाक होडी. बाबांना वर बरं वाटेल.” आणि शेडची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. बोकडाने मान डोलावली. मग मी त्याच्या गळ्यात पडलो. दाढीचं गवत माझ्या तोंडात गेलं, तरी रडलो. तोही नाक ओढत होता. नंतर तो आमच्या टेबलाशी बसला, बिस्किटांच्या शेडचं छप्पर मुखवट्याखालून खाल्लं आणि चित्रकोड्यातली दुसरी मेंढी शोधून दिली. मी मनात म्हटलं, दादाला एवढा धीर कधीपासून? वय माणसाला निववतं, हेच खरं. तेवढ्यात खिडकीतून पलीकडे तुझा दिवा लागलेला दिसला. मला वाटलं, हल्ली वीज उधळायला लागलाय. यापलीकडे माझी अक्कल गेली नाही.

पुढच्या सकाळी पुन्हा दारावर थाप. बाहेर ओटमार. हा म्हातारा जर्मन शरद ऋतूत आला, जुन्या शाळेची इमारत भाड्याने घेऊन राहतो, दिवसभर पेटी वाजवतो. त्याच्या अंगात बाबांचा कोट! (मी तो तुझ्याकडे आहे असं समजत होतो; तो आमच्या माळ्यावर होता आणि गुनवोरने चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला देऊन टाकला होता. मला न विचारता. हे आम्ही अजून बोलतो आहोत.) पाय ओढत होता कारण बूट उसने, दोन मापं मोठे. नाक ओढत होता कारण सर्दी. आमची भाषा तो पुस्तकातून शिकलाय, त्यामुळे आपलं खाडीकडचं बोलणं त्याला काडीचं कळत नाही, आणि कळलं नाही की तो मान डोलावतो. एका हातात केक, दुसऱ्या हातात किल्ली. शब्द जुळवत जुळवत म्हणाला, “काल तुम्ही मला होडी दिली. दुकानदाराने किल्ली बघून सांगितलं. का दिली ते मला समजलं नाही. पण तुम्ही रडत होता, मग मी नाही कसं म्हणू? या गावात माझ्याशी एवढं कुणीच बोललं नव्हतं.”

आता सांग, अशा माणसाला मी काय म्हणणार होतो? मी म्हटलं, या, बसा. गुनवोर माझ्याकडे अशी बघत होती की मी केकमधले बेदाणे मोजत बसलो. तो गेल्यावर म्हणाली, “होडी परत मिळते हो. पण दिलेली माफी परत कशी मागणार? तुम्हालाच माफी मागावी लागेल!” मी या वाक्यावर दिवसभर विचार केला. अजून अर्थ लागत नाही.

तेव्हा सध्याची परिस्थिती अशी: तुझी अर्धी होडी (मी पाव म्हणत होतो, पण आता कशाला) ओटमारकडे, तुझी माफीही ओटमारकडे, आणि तुझ्याशी माझं भांडण आहे की नाही हे कुणाकडेच नाही. कळावं म्हणून कळवलं. वहिनींच्या पश्चात तू एकटाच स्वयंपाक करतोस असं फेरीबोटीवाला सांगत होता. नीट जेवत जा.

तुझा धाकटा भाऊ (याबद्दल तरी वाद नसावा),
तूरलाइफ

ता. क. तू इतकी वर्षं हॅम्बुर्गच्या बोटींवर काढलीस, तुला जर्मन येतं. ओटमारला होडीचं नीट समजावून सांगणारं इथे दुसरं कोणी नाही. तेव्हा कामापुरता म्हणून एकदा येऊन जा. मटणाच्या बरगड्या बऱ्याच उरल्यात.

ता. क. दुसरा. गुनवोरने पत्र वाचलं आणि म्हणाली, खोटं पाठवाल तर तिकीट मी लावणार नाही. तर खरं असं: ओटमार त्या सकाळी किल्ली परत द्यायलाच आला होता, आणि देऊनही गेला. त्याला धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी मळमळतं. म्हणजे त्याला समजावण्यासारखं काहीच उरलेलं नाही. तुला बोलावायला दुसरं कारण शोधत बराच वेळ बसलो, सापडलं नाही. पत्र मिळताच पहिल्या बोटीने ये.