गुरुवारचं फाटक

तीर्थरूप वीब्रेनमामांस,

भाची हिस्केचा, दोन जोड मोज्यांतून, सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आणि गायींची विचारपूस केली नाही तर तुम्ही पुढे वाचणारच नाही, म्हणून त्याही बऱ्या असतील अशी आशा करते. पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण थंडी पडली की तुम्ही फोनवर 'हो', 'नाही' आणि 'बर्फ अजून धरला नाही' एवढंच बोलता. माझं गाऱ्हाणं तेवढ्यात मावणारं नाही.

यंदा माझ्याकडे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचा वर्ग आहे, आणि त्यातली पाच जणं गणितात गळ्यापर्यंत बुडालेली. ढ नाहीत हो. पण दहापैकी सहाला पास, आणि आपल्या फ्रीसलंडात आठ मिळवणं म्हणजे शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून मिरवणं. त्यामुळे सगळे सहावर नेम धरतात आणि चारवर पडतात. सप्टेंबरात उत्साह असतो, ऑक्टोबरात सर्दी असते, नोव्हेंबरात काहीच नसतं. सगळ्यात जास्त काळजी यिल्दौची, तुमच्या कुरणापलीकडच्या वीर्स्माच्या मुलीची. सत्राच्या पेपरात सहा पडले नाहीत तर तिला खालच्या शाखेत जावं लागेल, आणि तिला व्हायचंय गुरांची डॉक्टर. पहिल्या चाचणीनंतर ती मला अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, माझ्यावर वेळ नका घालवू. मी बाबांच्या गायी बघीन." मामा, मला रडूच आलं असतं, पण तास चालू होता.

मग शाळेने पोरांचा उत्साह टिकवायला एक सल्लागार बोलावले. हॉलंडातले, म्हणजे आपल्या फ्रीसलंडाबाहेरचे. (यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकू आलं.) त्यांनी खुर्च्या गोल मांडल्या, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि आपापलं स्वप्न रंगीत कागदावर लिहून भिंतीवर चिकटवायला सांगितलं. वीस मिनिटांनी भिंतीवर तीन ट्रॅक्टर, एक मोटारसायकल आणि सात वेळा 'शुक्रवार' चिकटला होता. यिल्दौचा कागद कोरा होता. सल्लागार म्हणाले, कोऱ्या कागदातही अर्थ असतो. बिल मात्र त्यांनी कोरं दिलं नाही. त्यानंतर मी वहीवर चिकटवायच्या चांदण्या वाटल्या, केक केला (मामींची कृती, माझा हात, त्यामुळे तो कोणी संपवला नाही), घरी फोन केले. आठवडाभर पोरं हलायची आणि पुन्हा थंड पडायची.

आणि मग एका ओल्या मंगळवारी, तिसरा गृहपाठ न आल्यावर, माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मी म्हणाले, सत्र संपेपर्यंत या पाच जणांनी एकही गृहपाठ चुकवला नाही, तर ज्या दिवशी वीब्रेन आपल्या पाणी भरलेल्या कुरणावरचा बर्फ गावाला स्केटिंगसाठी उघडेल, त्या दिवशी अख्ख्या वर्गाला सुट्टी, मग काहीही असो. 'काहीही असो' हे शब्द माझेच. सलग तीन हिवाळे तुमच्या कुरणावर बदकं पोहत होती, मामा. मला वाटलं, आपल्याला कुठे काय द्यायचंय.

तुम्ही पोरं पाहायला हवी होतीत. ज्यांना उणे तीनातून उणे पाच वजा करता येत नव्हतं, ती रोज सकाळी तापमान लिहून आणायला लागली. उण्यातून उणं गेलं की अधिक कसं होतं, हे यिल्दौला मी तीन महिने शिकवत होते. तिला ते कळलं डिसेंबरात, बाहेर गारठा कमी का झाला म्हणून चिडून वही मांडली तेव्हा. बाकीची वीस जणं या पाचांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून. गृहपाठ रेंगाळला तर बाकीच्यांचे फोन जात, माझे नाही. दोघांना धीर धरवेना, त्यांनी शाळेच्या अंगणात नळीने पाणी सोडून स्वतःच बर्फ करायचा घाट घातला. गोठली ती फक्त मुख्याध्यापकांची सायकल. यिल्दौचे बाबा तर तक्रार घेऊन आले. "बाई, पोरगी दूध काढताना गायींना समीकरणं सांगते. एक गाय लाथ मारायला लागलीय." मी म्हटलं, त्या गायीला वर्गात पाठवा, तिच्यासारखी तिथे बरीच आहेत. ते हसले नाहीत, पण जाताना दारात थांबून म्हणाले, "पोरगी पास होईल का हो?" मी हो म्हणाले. तेव्हा मला स्वतःला खात्री नव्हती.

एकही गृहपाठ चुकला नाही, मामा. आणि आता तुम्ही जाणताच, शनिवारपासून काय थंडी पडली आहे. आणि सत्राचा गणिताचा पेपर येत्या गुरुवारी सकाळी. मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते (सायकलीचा राग मनात धरून) म्हणाले, शब्द तुम्ही दिलात, तुम्ही पाळा, पेपर काही हलणार नाही, आणि जो बसणार नाही त्याला एक गुण, म्हणजे सगळ्यात खालचा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही गोठत चाललेल्या.

बाकी सर्व क्षेम. मामींना खोकल्यासाठी मध पाठवते आहे. कळावे, लोभ आहेच, तो वितळू देऊ नये.

तुमची (आईच्या मते तुम्हीच डोक्यावर चढवलेली) भाची,
हिस्के

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. मामा, बुधवारी रात्री बर्फ धरला तरी गुरुवारी कुरणाचं फाटक उघडू नका. शुक्रवारी उघडा. जाडी भरली नाही म्हणा. बर्फ लवकर उघडा म्हणून महापौर हात जोडून आले तरी तुम्ही तसूभर हलला नव्हतात, हे मला माहीत आहे. पण ते महापौर होते, मी भाची आहे.

ता. क. २ : पाकीट पुन्हा फोडलं. आत्ता यिल्दौ दारात येऊन गेली. आत ये म्हटलं तर म्हणाली, बूट चिखलाचे आहेत. मग म्हणाली, "बाई, तुम्ही वीब्रेनकाकांना काही सांगायला जाल म्हणून आले. नका सांगू. ते एकदा खोटं बोलले तर पुढे त्यांच्या बर्फावर पाय कोण ठेवेल?" मी विचारलं, मग गुरुवारी फाटक उघडलं तर? म्हणाली, "बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी पेपरला येणार. मला माझे सहा बघायचेत." आणि सायकलवर बसून गेली. मी बराच वेळ दार उघडंच ठेवून उभी होते, घर पार गारठलं. तेव्हा वरचं सगळं रद्द समजा. बर्फ धरला तर उघडा. सुट्टी दिलेली आहे, जाणारे जाऊ देत. मी वर्गात बसते. एकटी ती आली तरी पेपर होईल.

ता. क. ३ : पेपर अकराला सुटतो. तोवर कुरणातल्या बर्फाची एक कड, अगदी अरुंद चालेल, स्केट्सनी कोणी खरवडणार नाही अशी तिच्यासाठी राखून ठेवली, तर ते खोटं बोलणं होत नाही ना?