डावीकडची फेरी

बाबा, आज सकाळी कुंडम गावाहून एक गृहस्थ माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आले होते. अर्धांगवायूला तीन महिने झालेले, डावी बाजू अजून ऐकत नव्हती. तोल तपासायला मी त्यांच्याकडून एकेक करून घेतलं: खुर्चीतून हात न टेकता उठणं, जमिनीवरची चप्पल उचलणं, जागच्या जागी पूर्ण फिरणं, आधी उजवीकडून, मग डावीकडून. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. डावीकडून फिरताना ते कलंडले, मी धरलं, शून्य लिहिलं. त्यांच्या मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "दीदी, अब इनको घर में अकेला छोड़ सकते हैं ना?" मी नाही म्हटलं. तिचा चेहरा पडला, आणि मला त्या चेहऱ्याची ओळख पटली.

तुमच्या आजारपणात मी तोच चेहरा घेऊन तुमच्या चेरीतालच्या घरात वावरत होते. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक. तुम्हांला अर्धांगवायूचा झटका आला तशी माझं विजय नगरचं घर आणि नवऱ्याला सोडून मी तुमच्याकडे राहायला आले. पहिला महिना सगळं मनापासून केलं. मग तुमचं एकेक बटण लावणं, तोच तो मऊ भात, दर वेळी तुमच्या पावलांनी चालणं अंगावर यायला लागलं. मी चक्क कंटाळले होते, बाबा. तुमच्या ते लक्षात आलंच असणार. फॅक्टरीत आयुष्यभर तयार माल तपासलात. मापाच्या गेजमध्ये केसभर कमी भरलेला पीस साहेबांनी डोळे वटारले तरी पास केला नाहीत.

एका रविवारी तुम्हीच म्हणालात, "किती दिवस अशी अडकून राहशील गं? चलो, टेस्ट घे माझी. पास झालो तं जा बिनघोर. पण सूट द्यायची नाही, बेटा."

देवघरासमोर तुम्ही उभे आहात, मी मागे. उजवीकडून तुम्ही सुरेख फिरता. आरतीनंतर स्वतःभोवती प्रदक्षिणा घालायची जन्माची सवय. मग डावीकडून. अर्ध्यात पाय अडखळतो आणि मी पाठीमागून तुमच्या सदऱ्याचा घोळ चिमटीत धरते. फेरी पूर्ण होते. तुम्ही जरा थांबून विचारता, "तू धरून तं नव्हती राहिली ना?"

"नाही बाबा. चारपैकी चार."

किती खूश झालात! स्वतः चहा केलात, निम्मा बशीत सांडलात, तरी मी कौतुकानं प्यायले. संध्याकाळी मी निघाले.

नवव्या दिवशी कुकरची शिट्टी झाली म्हणून तुम्ही घाईनं डावीकडे वळलात. खुब्याचं हाड मोडलं. मग अंथरूण, मग छातीत कफ, आणि दोन महिन्यांत तुम्ही गेलात. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "अकेले क्यों छोड़ा इन्हें?" मी तोंड उघडण्याआधी तुम्हीच बोललात, "बेटी ने तो टेस्ट लेकर पास किया था, साहब. जल्दबाज़ी मैंने की." आणि मी मान खाली घालून तुमचं पांघरूण नीट करत राहिले. पुढे तेराव्याला लोकांनी माझ्या सेवेचं कौतुक केलं, तेही निमूट ऐकून घेतलं.

अकरा वर्षं मी त्या चिमटीला माया म्हणत आले. पेशंट पडू नये म्हणून धरणं हे आमचं कामच आहे. धरलं यात काही चुकलं नव्हतं. धरून चार लिहिले, याची लाज वाटते.

हे तुमच्या त्या टेस्टचे गुण लिहिलेल्या कागदाच्याच मागे लिहिते आहे. चार खोडून शून्य करायला पेन टेकवलं, पण हात झाला नाही. कागद पुन्हा फाइलीत जाईल. पण बाबा, घाई तुम्ही केली नव्हती. त्या रविवारी तुम्ही देवघरासमोर उभे राहिलात, त्याच्या आधीच माझी बॅग भरून झाली होती.